बाईसाहेबांना हात लावायचा नाही

काका गेले त्या दिवशी त्यांच्या घरी रडायला आलेल्या प्रत्येक माणसाने रडता रडता एकदा तरी बैठकीच्या कोपऱ्याकडे बघून घेतलं. कोपऱ्यात काचेची पेटी होती. पेटीत नारळाच्या भुशावर, अर्ध्या करवंटीच्या आडोशाला बाईसाहेब बसल्या होत्या. पेटीवर काकांच्या ठसठशीत अक्षरात पाटी होती : ‘बघा. हात लावू नका.’ ती नसती तरी कुणी हात लावला नसता. आत तळहाताएवढी, तपकिरी केसांची टॅरेंट्युला जातीची कोळीण होती. पण काकांना पाटी लागायची. पाटी नाही म्हणजे माणूस हात लावणार, असं त्यांचं माणसांविषयी मत होतं.

काका माझे घरमालक. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो आणि नाशिकमध्ये सातपूरला त्यांची वरची खोली बघायला गेलो, तेव्हा खोलीत एक जुनं लाकडी कपाट होतं. मी हात पाठीमागे बांधून त्याच्यासमोर उभा राहिलो. हात पाठीमागे बांधायची मला सवयच आहे. काका दारातून माझ्याकडे बघत होते.

“कपाटाला हात नाही लावलात?”

“नाही. बघत होतो.”

“रंग ओला वाटला का?”

“नाही. पण कपाट माझं नाही ना.”

काकांनी जिन्यावरून खाली हाक मारली, “अगं, चहा टाक. हे राहतील.”

माझ्याआधी आलेल्या एकाने पंख्याचं बटण फिरवून बघितलं होतं आणि दुसऱ्याने गादी दाबली होती, म्हणून दोघांनाही नकार मिळाला होता, हे मला नंतर काकूंनी सांगितलं.

काकांनी उभी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात मापं तपासण्याच्या खोलीत केली. तिथे पोलादाचे छोटे, आरशासारखे चकचकीत ठोकळे असतात. त्यांना गेज म्हणतात. कारखान्यातली बाकी सगळी मापं शेवटी त्या ठोकळ्यांशी ताडून बघायची. ते मखमलीच्या खणात ठेवायचे आणि उचलायचे ते हातमोजे घालून. “हाताची ऊब लागली की पोलाद फुगतं,” काका सांगायचे. “डोळ्याला दिसत नाही, पण फुगतं. माप बदलतं. आणि माणसाला वाटतं, मी फक्त हात लावला.”

हे तत्त्व त्यांनी कारखान्यात ठेवून घरी यायला हवं होतं. त्यांनी ते घरी आणलं. भाजी घेताना ते टोमॅटो दाबत नसत. समोर उभे राहून बोटाने दाखवत, “हा. तो नाही. त्याच्या मागचा.” भाजीवाल्या मावशी वैतागायच्या. “घ्या की हातानं! चावतंय का?” काका म्हणायचे, “मी घेतला, मग दुसऱ्याने घेतला, मग तिसऱ्याने. तुम्ही विकणार काय, चटणी?”

याच गुणावर त्यांचं लग्न झालं. काकूंचं माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षबागवाल्यांचं. मुलगी बघायला गेले तेव्हा समोर पोह्यांबरोबर द्राक्षांचं ताट आलं. काकांनी घड देठाला धरून उचलला, उजेडात फिरवून बघितला आणि होता तसा खाली ठेवला. द्राक्षांवर जी पांढरट साय असते, ती जरासुद्धा पुसली गेली नाही. काकूंचे वडील आत जाऊन म्हणाले, “मण्याला बोट नाही लावलं पोरानं. देऊन टाका.”

“माझ्याकडं वर मान करून बघितलं पण नव्हतं,” काकू ही गोष्ट सांगून झाल्यावर न चुकता म्हणायच्या. “घडाकडंच बघत होते. आणि लग्नात माझा हात हातात दिला, तर असा धरला, जसं काही मी कंपनीतून आणलेली वस्तू. लय जपून. बोटांच्या टोकानं.”

“माप बदललं नाही तुझं,” काका पेपरामागून म्हणायचे.

“माप बदललंय! डोळे तपासून घ्या!”

बाईसाहेब या घरात आल्या त्या काकांच्या पुतण्यामुळे. पुतण्या पुण्याचा, एका मोठ्या कंपनीत संगणकावर काम करणारा, गोड स्वभावाचा आणि सतत फोन हातात असलेला. त्याने हौसेने कोळीण विकत आणली, तळहातावर घेतली, तिचे व्हिडिओ काढले. मग त्याच्या आईने सांगितलं की या घरात एक तर ती राहील किंवा मी. पुतण्याने थोडा विचार करायला वेळ मागितला, त्यानेच प्रकरण चिघळलं. शेवटी तो टॉवेलात गुंडाळलेला डबा घेऊन नाशिकला आला.

काका तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि तपासायला काही नसल्यामुळे घरातल्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ बघत होते. काकूंनी लगेच हो म्हटलं. “ठेव बाबा. काही का असेना. ह्यांना स्वयंपाकघराबाहेर काढ.”

पहिल्याच संध्याकाळी काकांनी पेटीसमोर स्टूल मांडलं आणि हात पाठीमागे बांधून बसले. त्यानंतर ते रोज बसले. मी कामावरून आलो की चहाला खाली जायचो आणि विचारायचो, “आज काय केलं बाईसाहेबांनी?”

“आज डावा पाय उचलला.”

“मग?”

“ठेवला.”

हे ते अशा समाधानाने सांगत, की मला आपला दिवस फुकट गेला असं वाटे.

त्यांना ते ‘अहो-जाहो’ करत. बाईसाहेब जेवल्या नाहीत, बाईसाहेब आत गेल्या. जेवणात झुरळं असत, आणि त्यासाठी घरात फवारणी बंद झाली होती, कारण औषधाने मेलेलं झुरळ पोटात गेलं तर बाईसाहेबच जायच्या. “लोकं दिवाळीला झुरळं मारतात, मी पाहुण्यासारखी ठेवते,” असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मला काकांनी एकदा जिन्यात थांबवून हळूच विचारलं होतं, “तुमच्याकडे एखादं निघालं तर मारू नका. जिवंत द्याल?”

काका आणि पुतण्या यांचा वाद एकच होता आणि तो दर भेटीत नव्याने व्हायचा.

“काका, हातात घेतलं की तिला सवय होते. विश्वास बसतो.”

“कशावरून?”

“ती शांत बसते ना हातावर.”

“दाताच्या डॉक्टरकडे मीही शांत बसतो.”

“पण काका, पाळायचं आणि हातही लावायचा नाही, मग उपयोग काय?”

“हातात घेतल्याने तिला काय मिळतं ते सांग.”

पुतण्या फोन चाळायला लागायचा.

“तुला काय मिळतं?”

“फोटो,” काकू आतून ओरडायच्या.

काकांचं म्हणणं सरळ होतं. ही बया माणसाला ओळखत नाही. तिला आपला हात म्हणजे गरम, हलती जमीन. ती घाबरून पळाली आणि खाली पडली, तर तिचं पोट फुगवलेल्या कागदी पिशवीसारखं फुटतं, मग काही इलाज नाही. “आपल्याला प्रेम येतं,” ते म्हणायचे, “तर आपण निस्तरावं. तिने का सोसायचं?”

पुतण्याला हे पटलं नाही ते त्याच्या लग्नाच्या भानगडीपर्यंत. नाशिकरोडला मुलगी बघायला जायचं होतं. सकाळी काका आंघोळीला गेले तेव्हा त्याने नवा कुर्ता घालून गुपचूप बाईसाहेबांना हातावर घेतलं आणि फोटो काढला. बाईसाहेबांनी मागच्या पायांनी आपल्या पोटावरचे केस खरवडून त्याच्या अंगावर उडवले. राग आला की त्या असं करत. ते केस सूक्ष्म काट्यांसारखे असतात. दिसत नाहीत, फक्त खाजतात.

पाहुण्यांच्या घरी पोहे यायच्या आत खाज सुरू झाली. पुतण्याने आधी मनगट, मग मान आणि मुलगी चहा घेऊन आली तेव्हा कुर्त्याच्या गळ्यातून हात घालून छाती खाजवली. मुलीने विचारलं, “तुम्हाला कशाची आवड आहे?” तर हा दोन्ही हातांनी पोटऱ्या खाजवत म्हणाला, “प्राण्यांची.” दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगा चांगला आहे, पण खरूज आहे.

पुतण्याला चिकटपट्टी लावून लावून एकेक केस काढताना काका फक्त म्हणाले, “रिजेक्ट झालास.” आणि त्या संध्याकाळी ती पाटी लागली.

तेव्हापासून त्यांना एक काळजी लागली. या जातीची मादी वर्षानुवर्षं जगते. “बाईसाहेब मला पुरून उरणार,” ते मला सांगायचे. “मग हा येणार आणि उचलणार. मनाचा वाईट नाही हो. पण हात आवरत नाही. माझ्यामागे इथे कुणीतरी हात न लावणारा पाहिजे.” असं म्हणून ते माझ्या हातांकडे बघत. ज्या गुणावर मला खोली मिळाली होती, तो पुढे कुठे कामाला येणार, हे मला तेव्हा कळलं.

आता कात टाकण्याची गोष्ट. एका सकाळी बाईसाहेब पेटीत उताण्या पडल्या होत्या, आठही पाय वर. काकू म्हणाल्या, “गेली.” रविवार होता, पुतण्या आला होता. तो म्हणाला, “मी सरळ करतो.” काका स्टुलावरून ताडकन उठून दोघांच्या आणि पेटीच्या मध्ये उभे राहिले. “मेलेल्या नाहीत. कात टाकतायत. आता जरासा धक्का लागला तरी संपलं.”

त्यांनी मिक्सर बंद केला. कुकर उतरवला. मला वर अनवाणी चालायला सांगितलं. एवढं झाल्यावर समोरच्या घराच्या मांडवात डीजे वाजायला लागला. त्यांच्या मुलाची हळद होती. आमच्या खिडक्या थरथरायला लागल्या, पेटीची काच थरथरायला लागली आणि काकाही.

काका मांडवात गेले, मीही मागोमाग. नवरदेवाचे वडील दिंडोरीकडचे, कंपनीत पाळीवर जाणारे, भला माणूस.

“दादा, जरा आवाज बंद ठेवाल? आमच्याकडे बाईसाहेब कात टाकतायत.”

त्या गृहस्थाने काकांकडे बघितलं. मग हात जोडले. “घरात?”

“बैठकीत.”

“बंद कर रे! ए, बंद कर आधी!” ते डीजेवाल्यावर ओरडले.

कात म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यासमोर काय आलं असेल, हे माझ्या लक्षात आलं. काकांच्या नाही आलं. ते आभार मानून परतले आणि पाठोपाठ हळदीच्या बायका दूध, लाह्या आणि हळद-कुंकू घेऊन दारात उभ्या राहिल्या. काका खूश झाले. बाईसाहेबांमध्ये इतक्या लोकांनी रस घेतल्याचं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

“या, या. पण लांबून.”

सगळ्यात पुढे नवरदेवाची आजी. पेटीपाशी वाकून तिने खूप वेळ शोधलं.

“नाग कुठं हाय?”

“नाग नाही, कोळीण आहे.”

“आन् ती तर मेली.”

“मेली नाही आजी. जुनी कातडी सोडून बाहेर येतेय. फार त्रास होतो त्यांना. हादरा बसला की जीव जातो.”

आजी वाकलेली सरळ झाली. दुधाचा पेला तिच्या हातात तसाच होता. आम्ही आता शिव्या खाणार अशी माझी खात्री होती. आजीने पुन्हा एकदा त्या उताण्या जिवाकडे बघितलं.

“म्हंजे बाळंतिणीवानीच की,” ती म्हणाली. मग मागे वळून, “चला गं. आवाज नाय करायचा.” आणि काकांच्या हातात दूध देत, “हे तुमीच प्या. तोंड उतरलंय.”

त्या दिवशी आमच्या गल्लीत मुकी हळद झाली. बायकांनी दबक्या आवाजात गाणी म्हटली. पोरांना मात्र नाचायचंच होतं. डीजेवाल्याने नुसते दिवे चालू ठेवले आणि पोरं चपला काढून, तोंडाने एकही आवाज न काढता, चवड्यांवर नाचली. काका खिडकीतून बघत होते.

“हादरे बसतायत,” मी म्हणालो.

“बसतायत. पण चालण्यासारखे आहेत,” ते म्हणाले, आणि पेटीच्या काचेकडे बघत राहिले.

दिवेलागणीला बाईसाहेब बाहेर आल्या. ओल्या, फिकट, नव्या कोऱ्या. शेजारी त्यांची जुनी कात पडली होती, पायांसकट, नखांसकट, हुबेहूब दुसरी कोळीण. कित्येक दिवसांनी, बाईसाहेब पुऱ्या सावरल्यावर, काकांनी ती लांब चिमट्याने उचलली आणि पुतण्याच्या तळहातावर ठेवली.

“घे. हिला काय हवं तेवढं हातात घे.”

पुतण्याने तिचे फोटो काढले, पण त्याचा चेहरा, उपासाच्या दिवशी दुसऱ्याच्या ताटातली जिलेबी बघणाऱ्यासारखा होता.

काकांचं आजारपण लांबलं नाही. दवाखान्यात मी दुपारी जाऊन बसायचो. एकदा काकू त्यांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. काका त्या दोन हातांकडे बराच वेळ बघत राहिले, एखाद्या नव्या ठोकळ्याकडे बघावं तसे. काकू हसून म्हणाल्या, “ऊब लागतेय. माप बदलंल हां.”

“बदलू दे,” काका म्हणाले.

मी उठून पाणी भरायला बाहेर गेलो. पाण्याची बाटली भरलेलीच होती.

दहाव्याला आम्ही गोदाघाटावर होतो. पिंड मांडला, सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघायला लागलो. एक आला. जाडजूड, चकचकीत, घाटाच्या कठड्यावर बसला. पिंडाकडे बघेना असं नाही. बघत होता. पण शिवेना.

काकांचे थोरले भाऊ हात जोडून पुढे झाले. “तिची काळजी करू नकोस. आम्ही आहोत.”

कावळा बसलेला.

“मनात काहीतरी राहिलंय,” गुरुजी म्हणाले. “आठवा.”

सगळ्यांनी पुतण्याकडे बघितलं. मुंडन केलेला पुतण्या, डोळे लाल झालेले. त्याने नदीकडे तोंड करून, घाटावरच्या इतर मंडळींनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “काका, बाईसाहेबांना मी हात लावणार नाही. फोटोसाठीसुद्धा नाही. जुने व्हिडिओपण काढून टाकतो.”

शेजारच्या पिंडापाशी थांबलेली माणसं वळून बघायला लागली. बाईसाहेब कोण, असं त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

कावळा कठड्यावरून उतरला. आम्ही श्वास धरला. तो चालत चालत पिंडापासून हातभर अंतरावर आला आणि थांबला.

“अजून काहीतरी,” गुरुजी कुजबुजले.

मी पुढे झालो. “काका, झुरळं मी देईन,” असं म्हणालो. माझ्या आयुष्यात मी चारचौघांत एवढ्या मोठ्याने बोललेलं दुसरं वाक्य मला आठवत नाही.

कावळा तसाच. ऊन वर आलं. आमच्यानंतरचं कुटुंब ताट घेऊन ताटकळत होतं. काकूंचा चेहरा उतरत गेला. इतके दिवस त्या धीराच्या राहिल्या होत्या. आता त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माझंच काहीतरी राहिलं असंल का हो? मी लय बडबड केली त्यांच्याशी. जन्मभर.”

मी कावळ्याकडे बघत राहिलो. त्याही बघत होत्या. कावळा पिंडाभोवती फिरायला लागला होता. हातभर अंतर राखून, पंख पाठीवर घट्ट मिटून, मान तिरकी करून. एका डोळ्याने बघितलं. पलीकडे जाऊन दुसऱ्या डोळ्याने बघितलं. थांबला. वाकला. पुन्हा सरळ झाला. चोच काही पुढे केली नाही.

काकूंच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं हुंदका आहे. त्या हसत होत्या.

“अहो, बघा तरी! हात मागं बांधलेत!”

आता सगळ्यांनाच दिसलं. पाठीमागे हात बांधून काका माल तपासत होते. थोरले भाऊ, पुतण्या, मी, सगळे एकाच वेळी हसायला आणि डोळे पुसायला लागलो. घाटावरच्या लोकांना आमच्याबद्दल जे वाटायचं ते वाटलं.

“गुरुजी, राहू द्या,” काकू म्हणाल्या. “ते हात नाय लावणार. त्यांनी बघितलं, झालं.”

“पण वहिनी, शिवायला तर पाहिजे,” गुरुजी म्हणाले.

“मग तुमचा तो दर्भाचा करा.”

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. तो पिंडाला लावण्याआधी काकूंनी त्यांना थांबवलं, तो गवताचा कावळा आपल्या बोटांत धरून बघितला आणि परत दिला.

“चालंल,” त्या म्हणाल्या. “ह्याला ऊब नाय.”

खरा कावळा एवढं होईपर्यंत थांबला होता. मग उडाला.

मी अजून वरच्या खोलीतच राहतो. पुतण्या महिन्यातून एखादा रविवार येतो. आला की चप्पल काढून थेट कोपऱ्यात जातो, पाटी वाचतो आणि काकांच्या स्टुलावर स्वतःच्या दोन्ही हातांवर बसतो. तसं बसल्याशिवाय त्याला भरवसा वाटत नाही. परवा मी चहाला खाली गेलो तेव्हा तो असाच बसला होता, नाक काचेपासून हातभर लांब. काकू मागे उभ्या होत्या, पदराला हात पुसत.

“आज काय केलं बाईसाहेबांनी?” मी विचारलं.

“उजवा पाय उचलला,” पुतण्या म्हणाला.

“मग?”

“थांबा हो,” काकू म्हणाल्या. “अजून वरच आहे.”